प्रश्नचिन्ह कोणी वाचत नाही

नमस्कार मंडळी. आज राईनपाड्याविषयी बोलायचंय. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं हे गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. भिक्षा मागत फिरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं एसटीतून उतरली आणि मुलं पळवणारी टोळी आली म्हणून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारलं. पाचही जण गेले.

तेव्हा सगळे व्हॉट्सअ‍ॅपला दोष देत होते, आणि तो होताच. देशभर एक व्हिडिओ फिरत होता, बाईकवरून दोघं येतात, रस्त्यावर खेळणारं पोरगं उचलतात आणि पळतात. मुळात ती कराचीतली जनजागृतीची फिल्म, शेवटी तेच दोघं पोराला परत आणून सोडतात आणि हातातला बोर्ड दाखवतात, पण तेवढा शेवटच कोणीतरी कापून टाकला होता. त्याच महिन्यात कंपनीने भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाच चॅटची मर्यादा आणली.

पण मी तालुक्याला वार्ताहर होतो ना, मला आमच्याबद्दल बोलायचंय. त्या दिवसांत आमच्याही पेपरात हेडिंग लागलं होतं, ‘मुले पळवणारी टोळी सक्रिय?’ पुढे प्रश्नचिन्ह टाकलं की आपण सुटलो असं डेस्कवर वाटतं, पण पारावर एक जण मोठ्याने वाचतो आणि दहा जण ऐकतात, त्यात प्रश्नचिन्ह कुठे ऐकू येतं हो? दोन दिवसांनी पोलिसांचं ‘अफवांवर विश्वास ठेवू नका’ हे आवाहन आलं, ते आतल्या पानावर, चार ओळीत, टेंडर नोटिसच्या खाली. हेडिंग चार कॉलम आणि खुलासा चार ओळी, मग लोकांच्या डोक्यात काय राहणार?

आणि दुसरी गोष्ट मला जास्त लागते. माझ्या आजीच्या दारात दरवर्षी डवरी यायचे, डवर नावाचं डमरूसारखं वाद्य वाजवत भैरवनाथाची गाणी म्हणायचे, आजी सुपातून धान्य घालायची. माझ्या मुलाला डवरी म्हणजे कोण हे माहीतच नाही. कारण आम्ही त्यांची बातमी कधी केलीच नाही. पाल कुठे पडलं, पोरं शाळेत जातात का, रेशन कार्ड आहे का, काहीच नाही. पेपरात ते यायचे ते ‘संशयित’ म्हणून. राईनपाड्यात गेलेल्या पाचांतले बहुतेक जण मंगळवेढा भागातले असं नंतर छापून आलं, गावाचं नाव, घरच्यांचे फोटो, सगळं आलं, पण मेल्यावर.

त्यानंतर काही आठवड्यांनी मला एका गावातून फोन आला, ‘भाऊ, तीन बाया फिरताहेत, संशयित आहेत, लवकर बातमी लावा.’ मी विचारलं, कोणाचं मूल नेलं, नाव सांग. पोलीस पाटलाला विचारलं का? त्या बायांशी कोणी बोललंय का? तो म्हणाला, ‘नाही हो, पण सगळे म्हणताहेत.’ मी पोलीस पाटलांना फोन लावला आणि बातमी काही लावली नाही. त्या बाया चटया विकायला आल्या होत्या, साडेसहाच्या एसटीने परत गेल्या.