मोहोरावरच्या माश्या

नमस्कार श्रोतेहो.

रत्नागिरी-देवगडकडच्या बागांत हापूस मोहोरलाय. झाडाखाली उभं राहिलं की घमघमाट येतो आणि कानाशी भुणभुण सुरू होते. आपण तुडतुडे, म्हणजे मोहोरावरची कीड, आलेत का ते बघतो आणि फवारणीचा पंप बाहेर काढतो. ती भुणभुण कोणाची, हे बघायला थांबतो कोण?

मोहोराचा एक तुरा जवळ ओढून बघा. फूल इवलंसं. आत पाच पुंकेसर, पण पराग देणारा बहुधा एकच, टोकाला गुलाबी-जांभळी गाठ असलेला. बरीचशी फुलं तर निव्वळ नर, त्यांना फळ धरायचंच नाही. पराग चिकट, वाऱ्याच्या भरवशावर राहून भागत नाही. मधमाश्या येतात, नाही असं नाही. पण खरा राबता माश्यांचा. बांगड्याची टोपली उघडी राहिली की जिला आपण शिव्या घालत हाकलतो, तीच चकचकीत निळी-हिरवी माशी इथे केसाळ अंगाला पराग माखून या तुऱ्यावरून त्या तुऱ्यावर हिंडत असते. दुसरी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, हवेत एका जागी तरंगणारी. हिच्यातल्या बऱ्याच जातींच्या अळ्या मावा खातात, म्हणजे मजुरी न घेता दुहेरी काम!

फळमाशी मात्र निराळी, तिची गल्लत करू नका. ती तयार होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने आपला आंबा बंद केला तो फळमाशीपायीच. बंदी उठायला २०१५ उजाडलं. तिच्यासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आहे. त्यातल्या मिथाईल युजेनॉलच्या वासाला नर भुलतात आणि आत अडकतात. बाकीच्या माश्यांना त्या वासाचं फारसं सोयरसुतक नसतं.

फवारणीचं तसं नाही, ती सगळ्यांना एकाच मापाने मोजते. तुडतुडे रस शोषतात, चिकटा टाकतात, त्यावर काळी बुरशी चढते. त्यांचा बंदोबस्त हवाच. पण तो पालवीवर आणि बोंगे, म्हणजे मोहोराचे कोंब, फुटताना करा. फुलं उमलली की फळधारणा होईपर्यंत पंप शक्यतो खोपीतच राहू द्या. शेजारच्याने मारलं म्हणून आपणही मारायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. शेजाऱ्याच्या कलमावर तुडतुडे असतील; आपल्यावर आहेत का, ते तुरा हलवून आधी बघा.

नमस्कार.