फिल्म जोखायची ती सावलीत

नमस्कार श्रोतेहो. फिल्मवर फोटो काढणारे चार जण एकत्र बसले की कोणती फिल्म चांगली, हा वाद निघतोच. आज त्या वादात मी माझी बाजू मांडणार आहे. भरपूर उजेडात सगळ्याच फिल्म छान दिसतात. कस लागतो तो उजेड कमी पडला की, आणि त्यातही सावलीच्या भागात.

आधी कृष्णधवल. कोडॅकची ट्राय-एक्स १९५४ साली ३५ मिलिमीटरमध्ये आली आणि वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी ती उचलून धरली. आज तिच्या डब्यावर ४०० आयएसओ, म्हणजे फिल्मचा वेग, लिहिलेलं असतं; आकडा जितका मोठा तितका कमी उजेड पुरतो. पण वेळ पडली तर ती १६०० ची समजून कमी प्रकाशात वापरायची आणि डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, जास्त वेळ ठेवायची. चित्र हाती लागतंच. त्याची किंमत मात्र सावली मोजते. निगेटिव्हवर चित्र उलटं असतं, उजळ भाग गडद दिसतात. डेव्हलपिंग वाढवलं की ते आणखी गडद चढतात, पण जिथे प्रकाश पोचलाच नव्हता तिथे रसायन कितीही वेळ ठेवा, काही उमटत नाही. म्हणून अशा प्रिंटमधला काळा ठाम आणि कोरा असतो. रस्त्यावरच्या, गर्दीतल्या फोटोंना तो शोभतो, हे मी मनापासून मान्य करतो.

तरी माझ्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा इलफर्डची एचपी-फाइव्ह प्लस असते. ती १९८९ पासूनची, वेगही तोच, ४००. हिचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजेड आणि सावलीतला फरक, मला जरा मवाळ वाटतो. खिडकीशी बसलेल्या माणसाचा फोटो घ्या. खिडकीकडचा गाल ट्राय-एक्सवरही सुंदर येईल. मी बघतो तो दुसरा गाल, कानामागचे केस, कॉलरच्या आतली बाजू. एचपी-फाइव्हवर तिथे करड्याच्या दोन-तीन छटा जास्त मिळतात, आणि प्रिंट करताना त्यांचं काय करायचं ते माझ्या हातात राहतं. निगेटिव्हचं चित्र मोठं करून कागदावर पाडणाऱ्या एनलार्जरखाली भिंगातून फोकस साधताना ग्रेन, म्हणजे चित्राचा दाणा, स्पष्ट दिसतं, आणि ते मला हवंच असतं. १९८६ साली आलेल्या कोडॅकच्या टी-मॅक्समध्ये चांदीच्या संयुगाचे स्फटिक चपटे असतात, त्यामुळे ग्रेन फार बारीक. इमारतींना, यंत्रांना उत्तम. चेहरा मात्र मला तिच्यावर चिनी मातीचा वाटतो.

रंगीत निगेटिव्हमध्ये मी कोडॅकच्या पोर्ट्रा ४०० च्या बाजूचा. आजचं तिचं रूप २०१० मधलं. एक-दोन स्टॉप जास्त एक्स्पोजर झालं, म्हणजे प्रकाश दुप्पट-चौपट पडला, तरी ती सांभाळून घेते. कमी झालं की सावल्या मळकट होतात. म्हणून प्रकाश मोजायचा मीटर नेहमी सावलीवर धरावा. स्लाइड फिल्म, म्हणजे जिच्यावर थेट सुलट रंगीत चित्र येतं ती, तिचं उलट. तिथे जास्त प्रकाश पडला की उजळ भाग पुसलेच जातात, तेव्हा मोजायचं ते उजळ भागावरून. १९९० सालची फूजीची व्हेल्व्हिया तर अर्ध्या स्टॉपची चूकही दाखवून देते. डोंगर आणि पानं तिच्यावर झळाळतात. पण माणसाचा चेहरा तिच्यावर घेऊ नये, तो लाल होतो.

सिनेस्टिल ८०० टी आज फार गाजते. सिनेमाच्या फिल्मच्या पाठीवर वर्षानुवर्षं काळा थर असायचा. सिनेमाच्या फिल्मपासून बनवलेल्या या फिल्मवर तो नसतो, त्यामुळे प्रखर दिव्याचा प्रकाश फिल्ममधून आरपार जाऊन मागून परत येतो आणि दिव्याभोवती लाल वलय पडतं. एखाद्या फोटोत ते मोहक दिसतं. पण प्रत्येक फोटोत तेच आलं की नजर दिव्याकडेच जाते आणि दिव्याखालचा माणूस राहून जातो.

आता कोडाक्रोम, कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म. तिचं नाव काढल्याशिवाय मला राहवत नाही. १९३५ साली ती आली. तिच्या फिल्ममध्ये रंग जोडणारी द्रव्यं नव्हतीच. ही द्रव्यं फिल्म धुताना, एकेका रंगाच्या थरासाठी वेगळ्या डेव्हलपरमधून दिली जायची. जुनी कोडाक्रोम स्लाइड कुणाकडे असेल तर तिच्यावर तिरका उजेड पाडून बघा. इमल्शनच्या, म्हणजे चित्राच्या थराच्या, बाजूला चित्राचा उठाव दिसतो, कडा वर आलेल्या असतात. अंधारात ठेवलेल्या या स्लाइडचे रंग अनेक दशकं टिकतात, प्रोजेक्टरच्या दिव्याखाली मात्र लवकर उडतात. तेव्हा घरात असतील तर स्कॅन करा आणि पुन्हा डब्यात ठेवा.

२००९ साली कोडॅकने ती बंद केली. तिची प्रक्रिया करणाऱ्या शेवटच्या, कॅन्ससमधल्या लॅबने ३० डिसेंबर २०१० पर्यंतच रोल स्वीकारले. तिची रसायनं आणि यंत्रं दुसऱ्या कुठल्याच फिल्मला चालणारी नव्हती, त्यामुळे ती परत येण्याची आशा मी ठेवत नाही. कोडॅकच्याच एक्टाक्रोम या स्लाइड फिल्मचं तसं नाही. तीही बंद पडली होती, पण २०१८ मध्ये परत आली, कारण ती धुण्याची पद्धत, ई-सिक्स प्रक्रिया, इतर स्लाइड फिल्मसाठी चालूच होती. स्लाइडचे रंग ज्यांना आवडतात त्यांनी एक्टाक्रोम आत्ताच वापरायला घ्यावी. रोल खपले, तरच ती धुणाऱ्या लॅब उघड्या राहतील.