लडी, हायड्रो आणि पेन्सिलीचं शिसं

(दृश्य: सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. रंगाच्या टाकीतून सुताच्या लड्या वर येत आहेत.)

नुकतीच वर आलेली ही लडी नीट बघा. हा तिचा खरा रंग नाही. थोडी हवा लागू द्या, रंग पालटेल.

सोलापूरच्या रंगाऱ्यांना याचं नवल नाही. लडीवरचा हा व्हॅट रंग पाण्यात विरघळत नाही. कॉस्टिक सोडा आणि हायड्रो (सोडियम हायड्रोसल्फाइट) घालून आधी त्याचं क्षपण, म्हणजे ऑक्सिडीकरणाच्या उलटी क्रिया, करायचं. मग तो विरघळतो, सुतात मुरतो, आणि हवेतल्या ऑक्सिजननं ऑक्सिडीकरण झालं की तिथंच पक्का होतो.

पेन्सिलीतल्या ग्राफाइटवर अशीच प्रक्रिया करता येते, पण तिथं क्रम उलटा. आधी ऑक्सिडीकरण, मग क्षपण.

(दृश्य: कागदावर उमटणारी पेन्सिलीची रेघ.)

पेन्सिलीच्या शिशात शिसं नसतंच. असतं ते माती मिसळलेलं ग्राफाइट. कार्बनचे सपाट थर, एकावर एक रचलेले, दोन थरांत जेमतेम ०.३३५ नॅनोमीटर अंतर. ते घसरतात, म्हणून रेघ उमटते.

१८५९ साली रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन ब्रोडी यांनी ऑक्सफर्डमध्ये ग्राफाइटवर पोटॅशियम क्लोरेट आणि तीव्र नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केली, पुन्हा पुन्हा केली. करडं ग्राफाइट अखेर पिवळसर झालं. हे ग्राफाइट ऑक्साइड. पुढं १९५८ साली हमर्स आणि ऑफमन यांनी गंधकाम्ल, सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम परमँगनेट वापरून दिवसांचं काम काही तासांवर आणलं.

(दृश्य: बर्फात ठेवलेलं काचेचं भांडं.)

परमँगनेट चिमटी-चिमटीनंच घालायचं, आणि तापमान २० अंशांच्या आत ठेवायचं. गंधकाम्लात त्याचं मँगनीज हेप्टॉक्साइड होतं, आणि ते तापलं तर स्फोट होतो. सोलापूरचा मे महिना ज्यानं सोसलाय, त्याला इथं बर्फ किती लागेल हे वेगळं सांगायला नको.

ऑक्सिजन शिरला की थर दुपटीनं फाकतात. जे पाण्याला दाद देत नव्हतं ते पाण्यात सहज पसरतं, तपकिरी होऊन. पण वीज वाहून नेण्याचा गुण जातो.

तो परत आणायचा तर क्षपण. पूर्वी त्यासाठी विषारी हायड्राझिन लागायचं, आता क जीवनसत्त्वानंही होतं. आणि आपल्या टाकीतल्या हायड्रोनंही! तपकिरी द्रव काळा पडतो, वीज पुन्हा वाहू लागते.

मात्र मूळचं ग्राफाइट काही परत मिळत नाही. तापवून ऑक्सिजन काढला, तर तो जाताना कार्बनलाही सोबत नेतो, कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड होऊन. कार्बनच्या थरांच्या जाळीत भोकं उरतात. थोडा ऑक्सिजन चिकटून राहतोच. मला मात्र हे अर्धवट परतणंच मोलाचं वाटतं, कारण मधल्या अवस्थेत हा कार्बन पाण्यात होता, आणि पाण्यातलं सुतावर चढवणं हे तर सोलापूरचं रोजचं काम.

(दृश्य: काळी पडलेली सुती पट्टी, तिला जोडलेला मीटर.)

सुती कापड या तपकिरी पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, मग हायड्रोच्या पाण्यात घालायचं. कापड काळं होतं आणि त्यातून वीज वाहते. प्रयोगशाळांत हे झालेलं आहे. आमच्या विद्यापीठातल्या पोरांनी आणि इथल्या जाणत्या रंगाऱ्यांनी एका टाकीशी उभं राहून हे करून बघावं, अशी मनापासून इच्छा आहे.

पण त्याआधी धुण्याच्या पाण्याची सोय हवी. ग्राफाइट ऑक्साइड पुन्हा पुन्हा धुवावं लागतं, आणि प्रत्येक धुण्यात आम्ल आणि मँगनीज उतरतं. ते पाणी तसंच नाल्यात सोडून चालणार नाही.