टायरच्या खुणेवरचा पंजा

(पुण्यात निसर्गप्रेमींच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, गेल्या मे महिन्यात मी वडिलांना घेऊन ताडोबाला गेलो होतो. बाबांचं वय 76. त्यांनी वाघ पाहिला होता तो पेशवे पार्कातला, पिंजऱ्यातला. मोकळा वाघ एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. कित्येक महिने आधी बुकिंग केलं, रात्रभर रेल्वे, मग चंद्रपूरच्या त्या उन्हात उघड्या जिप्सी गाडीतून चार सफाऱ्या. वाघ दिसला नाही.

परत आल्यावर ज्याला त्याला एकच विचारायचं असतं, "दिसला का?" नाही म्हटलं की लगेच समजूत घालतात, "अहो, जंगल तर बघितलंत ना!" माझी कळकळीची विनंती आहे, असं पटकन म्हणू नका. ज्याने एका गोष्टीसाठी वर्षभर पैसे साठवले, त्याला वाईट वाटणारच. ते वाईट वाटणं खरं आहे, ते आधी वाटू द्यावं. मोर, चितळ, रानकुत्रे यांचा आनंद दोन दिवसांनी आपोआप वर येतो. त्याच संध्याकाळी तो कुणाच्या गळी उतरवता येत नाही.

पण ते वाईट वाटणं दुसऱ्यावर काढायचं नाही, आणि मी नेमकं तेच केलं. शेवटच्या सफारीनंतर गेटवर मी गाइडला म्हणालो, "दुसऱ्या गाड्यांना दिसतो, आपल्यालाच कसा दिसत नाही?" पंचविशीतला, जवळच्याच गावचा मुलगा. तो काही बोलला नाही. बाबा मात्र खोलीवर आल्यावर म्हणाले, "त्याने काय वाघ खिशात ठेवलाय का?" मला रात्रभर झोप लागली नाही.

आपण पैसे कशाचे भरतो ते नीट बघा. परवान्याचे, जिप्सीचे, गाइडचे. वाघाचे कुणीच घेत नाही. तरी हट्ट वाघाचाच असतो, आणि त्या हट्टापायीच एका वाघाभोवती गाड्यांची गर्दी होते, त्याचा पाणवठ्याकडे जायचा रस्ता अडतो. गाइडवर आपण जो दबाव टाकतो, तो शेवटी त्या जनावरापर्यंत पोचतो.

पूर्वी लोक बंदूक घेऊन जायचे. शिकार कंपन्या परदेशी पाहुण्यांना मचाणावर नेऊन बसवत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो काळ संपला. त्या काळीही हात हलवत परतणारे होतेच. जिम कॉर्बेटसारखा नावाजलेला शिकारी 1925 मध्ये रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यामागे कित्येक आठवडे रात्री जागला, थकला आणि तसाच परतला. मागे माणसं मरत होती, हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या वर्षी तो पुन्हा गेला आणि 1926 च्या मे महिन्यात त्याने तो बिबट्या मारला. त्याच्या त्या परतीचं ओझं केवढं असेल! आपल्या रिकाम्या सफारीने कुणाचा जीव जात नाही. आणि खुद्द वाघाच्याही बहुतेक झडपा फुकट जातात. तो उठतो आणि पुन्हा दबा धरतो.

आता तिसऱ्या सफारीतली एक गोष्ट सांगतो. दुपारची पाळी होती. एका वळणावर गाइडने अचानक हात वर केला, जिप्सी थांबली. खाली उतरायला परवानगी नसते, म्हणून आम्ही कडेवरून वाकून पाहिलं. धुळीत सकाळच्या गाड्यांच्या टायरची नक्षी होती आणि त्या नक्षीवर एक पंजा. चार बोटं, मागे रुंद गादी, नखांची खूण नाही. गाइड हळूच म्हणाला, "टायरच्या वरतून आहे जी. सकाळच्या गाड्या गेल्यावर गेला." तेवढ्यात बांबूपलीकडून सांबर ओरडलं, ढाँक! वाघासारखं जनावर जवळ असलं की ते असं इशारा देतं. एकदाच. मग सगळं शांत. आम्ही वीस मिनिटं थांबलो. मागच्या सीटवरची मंडळी "चला, पुढे चला" करू लागली. बाबांची नजर मात्र त्या पंजावरून हलत नव्हती.

ताडोबा हे नाव तारू या गोंड माणसावरून पडलं असं सांगतात. वाघाशी झुंजताना तो गेला, लोकांनी त्याला देव मानलं. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे. तिथल्या लोकांचं वाघाशी नातं किती जुनं आहे ते यावरून कळतं. आपण दोन दिवसांचे पाहुणे.

पुण्यात आल्यावर मी त्या गाइडला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, "सर, तुम्ही गेल्यावर दुसऱ्याच दिवशी त्याच वळणावर बसला होता." पोटात कालवलं, खोटं कशाला सांगू! बाबांना सांगावं की नाही, कळेना. शेवटी सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी टेबलावर तळहात पसरला, बोटं थोडी आत घेतली आणि आईला म्हणाले, "बघ, एवढा होता. टायरच्या वर."