वढकी म्हणजे आपला वाढई

नमस्कार, जय भीम. पत्रिकेवर विषय छापलाय, 'लेणी कशी कोरली?' तिकडे येतोच. पण आधी पुण्याजवळच्या भाजे लेण्यांची गोष्ट, कारण लेण्यांकडे बघायची माझी नजर त्या दिवशी बदलली.

आमच्या घराची दारं-खिडक्या करणारे एक म्हातारे वाढई होते, आमचे काकाजी. एका लग्नाला ते आमच्यासोबत पुण्याला आले, तेव्हा त्यांना भाज्याला नेलं. मी चैत्यगृहात, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनेच्या दालनात, उभा राहून इसवी सनापूर्वीचं दुसरं शतक वगैरे सुरू केलं. त्यांचं लक्षच नव्हतं. तिथले खांब आत कललेले आहेत, तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. खांबावर हात ठेवून म्हणाले, "सर, हे त लाकडाचं घर हाये. छपराचा रेटा बाहेर येते, म्हून खांब आत कलते देतेत. इथं कायचा रेटा? इथं त अख्खा पहाडच हाये."

किती खरं! अखंड कातळात त्या कलाची गरजच नाही. हात लाकडाला सरावलेला, म्हणून दगडातही खांब कललेलेच आले.

मग जवळचंच कार्ल्याचं लेणं. वर कमानीच्या फासळ्या खऱ्या लाकडाच्या, सुमारे दोन हजार वर्षांच्या. काकाजींची मान अवघडली तरी नजर खाली येईना. दर्शनी भागातला ब्राह्मी लेख मी वाचून दाखवला: धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या 'वढकी'नं हे घरमुख, म्हणजे दर्शनी दार, केलं. "वढकी? म्हणजे वाढई?" हो काकाजी, तोच शब्द. संस्कृतात वर्धकि, प्राकृतात वड्ढकि, आपल्याकडे वाढई. पुण्याकडे सुतार म्हणतात. विदर्भानं जुना शब्द जपला. त्यांनी अक्षरांपर्यंत बोट नेलं, पण टेकवलं नाही.

आणि आपण काय करतो? लेण्यात शिरलो की पहिला प्रश्न, कोणत्या राजाचं? दगडावर सामीचं नाव आहे हो, बापाच्या नावासकट आहे! ते मुलांना दाखवा, एवढंच माझं मागणं आहे.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर, कोरणं वरून खाली. आधी छत, मग खांब, शेवटी जमीन. म्हणून उंच परांची बांधावी लागत नसे. अजिंठ्याचं 24 क्रमांकाचं लेणं अर्धवट राहिलंय, तिथे काम कसं चाले ते कळतं. 16 क्रमांकाचं लेणं वराहदेवानं दिलं. तो वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, पाचवं शतक. हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम. यावर खरं तर तासभर बोलायचं होतं.

राहिलेलं उद्या भद्रावतीला, विजासनच्या लेण्यात. लांब बोळ थेट डोंगरात जातो, टोकाला बुद्धमूर्ती. आत अंधार असतो, टॉर्च आणा. गाडी सकाळी सहाला इथूनच सुटेल.