कोपाच्या वर्गात कोण बसतं?

[गोव्यातलं साखळी बसस्थानक, सकाळ]

केरी, मोर्ले, वाळपई. सत्तरी तालुक्याकडून आलेल्या गाड्या साखळीत रिकाम्या होतात आणि तीच गर्दी डिचोलीच्या बसमध्ये चढते. दप्तरवाल्या या मुली आयटीआयला निघाल्यात. ट्रेड विचारा, बहुतेकींचं उत्तर एकच येईल : कोपा. म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट. दहावी पास झालं की प्रवेश, एक वर्षाचा अभ्यास, शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र.

[लॅब. बोटांचा क्लोजअप]

आता फक्त बोटांकडे पाहा. नेटवर्क केबलचं वरचं आवरण सोलायचं, आतल्या आठ तारांचा पीळ सोडवायचा. तोही बेतानं, 13 मिलिमीटरहून जास्त नको, नाहीतर सिग्नल बिघडतो. मग रंग लावायचे : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. आठही टोकं एका रेषेत कापायची, कनेक्टरमध्ये सरकवायची, क्रिंपिंग टूल दाबायचं. टेस्टरवर दिवे ओळीनं लागले तर जमलं. मधलाच एखादा चुकला, तर टोक कापून पुन्हा पहिल्यापासून. अबोलीचा वळेसर गुंफणाऱ्या हातांना हा क्रम लवकर बसतो, हे या लॅबमध्ये दिसतं.

वर्षाच्या 1200 तासांतले 840 तास अशा प्रात्यक्षिकांचे. मशीन उघडून रॅम बसवणं, ऑपरेटिंग सिस्टीम टाकणं, एक्सेलची सूत्रं, वेबपेज, डेटाबेस, थोडं कोडिंग. मुली 'सोपं म्हणून' कोपा घेतात असं सर्रास बोललं जातं. बोलणाऱ्यांनी एकदा या लॅबमध्ये येऊन केबल बनवून दाखवावी.

[व्हरांडा. समोर फिटरची शेड]

आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव असतात. समोरच्या शेडमध्ये मुलगी शोधावी लागते. इथे मुलगे मागच्या बाकावर आहेत.

[अंगणात उभा ट्रक, चाकांपाशी गवत]

या पट्ट्यात घरं चालायची ती खनिजाच्या ट्रकवर. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. मध्ये सुरू झाल्या, मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. बापाचा ट्रक पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा ज्या पहिली-दुसरीत मराठी शाळेत होत्या, त्या आता इंग्रजीतून प्रोग्रामिंग शिकताहेत. शेजारी बीए झालेल्याही बसतात. सरकारी कारकुनाच्या जागेला संगणकाचं ज्ञान मागतात ना!

[परीक्षा. स्क्रीनवर प्रश्न]

अखिल भारतीय परीक्षा, तीही संगणकावरच. प्रमाणपत्र मिळतं, पुढे अ‍ॅप्रेंटिसशिप करता येते. मात्र दोन वर्षांचा फिटर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो. कोपा एका वर्षाचा, म्हणून कोपाच्या मुलीला तो दरवाजा बंद.

[वर्ग. टेबलावर प्रॅक्टिकलच्या वह्या]

कोपाला जोडून दुसरं वर्ष सुरू करा, किंवा त्या 840 तासांचं मोल कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या डिप्लोमात धरा. वह्या भरलेल्या आहेत, त्यांवर सरांच्या सह्या आहेत. तंत्रशिक्षण खात्याने त्या मागवून तपासाव्यात.