चाळीतले पैसे

नमस्कार श्रोतेहो.

चांदवड तालुक्यात आमचा दोन एकर कांदा असतो. उन्हाळ कांदा निघाला की नाना तो कांदाचाळीत भरतात आणि तिथून दिवाळीपर्यंत घरात एकच विषय: आज थोडा काढायचा की अजून थांबायचं? मी नाशिकला एम.एस्सी.ला आले तेव्हा वाटलं, सुटले बाई या विषयातून. आता पीएच.डी.चं चौथं वर्ष चालू आहे आणि तो विषय माझ्या मागे नाशिकपर्यंत आलाय. फक्त कांद्याच्या जागी पैसे आहेत.

आज मला बोलायचंय ते बाहेरगावाहून येऊन नाशिकमध्ये राहणाऱ्या, एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. नाहीतर संशोधन करणाऱ्या मुलामुलींशी. काटकसरीवर बोल म्हटलं की माणसं आधी चहावर घसरतात. रोजचे दोन कटिंग सोडा, वर्षाला इतके वाचतील. मला हा हिशेब कधी पटला नाही. सकाळी नऊपासून लॅबमध्ये उभ्या असलेल्या पोरीचा चहा काढून घेऊन कोणाचं घर भरलेलं मी पाहिलं नाही. आपलं दुखणं वेगळं आहे. आपला खर्च रोजचा आणि पैसे हंगामाचे. शिष्यवृत्ती वर्षाकाठी येते, कधी वर्ष संपल्यावर. फेलोशिप चार-पाच महिने येतच नाही, मग एकदम येते. तासिका तत्त्वावर कुठे शिकवत असाल तर तुम्हाला मी काय सांगणार! थोडक्यात, आपली गत कांदेवाल्याची. बरेच महिने हात कोरडे आणि एक दिवस खिसा गच्च.

मला पहिल्यांदा एकदम पैसे मिळाले ते एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी. अठरा हजार. पंधरा दिवसांत त्यातले बारा गेले. उधळले म्हणाल तर तसंही नाही. मैत्रिणींचे हातउसने फेडले, मेसच्या काकूंची थकबाकी दिली, चष्मा बदलला, आईला साडी घेतली. एकूण एक खर्चाला कारण होतं. सुट्टीत घरी जाऊन हे नानांना सांगितलं. ते रागावले नाहीत, मला चाळीपाशी घेऊन गेले. ज्यांनी कांदाचाळ पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते: तळ जमिनीपासून वर उचललेला असतो, खालून हवा, दोन्ही बाजूंना फटी, वर छप्पर. नाना म्हणाले, "ढिगात ठेवला असता तर महिन्यात घाण सुटली असती. इथं चार-पाच महिने टिकतो. कांदा तोच आहे."

परत आल्यावर मी दुसऱ्या एका बँकेत आणखी एक खातं उघडलं. बेसिक बचत खातं म्हणून मागायचं. त्यात किमान शिल्लक ठेवायची सक्ती नसते आणि महिन्यातून कमीत कमी चार वेळा फुकट पैसे काढता येतात. त्याच बँकेत दुसरं बचत खातं मात्र ठेवता येत नाही, म्हणून बँक वेगळी. या खात्याला यूपीआय जोडलेलं नाही. त्याचं कार्ड माझ्या ट्रंकेत, हिवाळ्याच्या रजईखाली असतं. एकदम आलेली रक्कम दोन दिवसांच्या आत तिकडे जाते आणि दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेला आकडा आपोआप माझ्या रोजच्या खात्यात येतो. बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन म्हटलं की ते करून देतात.

आता तो आकडा कसा ठरवायचा? समजा हातात ४८,००० रुपये आलेत आणि पुढचा हप्ता सहा महिन्यांनी येईल असं ऑफिसात सांगितलंय. तर सहाने भागायचं नाही, आठाने भागायचं. म्हणजे महिना ६,०००. वरचे दोन महिने उशिराचे. चार वर्षांत माझे हे दोन महिने एकदाही वाया गेले नाहीत, हे मी आनंदाने सांगत नाहीये.

शिष्यवृत्तीचं निघालंच आहे तर एक सांगते, कारण यात अनेकांचे पैसे अडकतात. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरून येणारे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात. आपली तीन खाती असतील आणि तिन्हींना आधार दिलेला असेल, तर सरकारी पैसे त्यातल्या एकाच खात्यात पडतात. साधारणपणे ज्या बँकेत आधारची जोडणी सगळ्यांत शेवटी झाली, त्या. माझ्या वर्गातली एक मुलगी पाच महिने "शिष्यवृत्ती आली नाही" म्हणून रडत होती. पैसे आले होते. अकरावीत गावच्या बँकेत उघडलेल्या खात्यात निवांत बसले होते. तेव्हा आपलं आधार कोणत्या बँकेकडे लागलंय ते आजच बघून घ्या. दुसरी गोष्ट नूतनीकरणाची. पहिल्या वर्षी मिळाली म्हणजे दुसऱ्या वर्षी आपोआप मिळत नाही, अर्ज पुन्हा भरावा लागतो. उत्पन्नाचा दाखला जूनमध्येच काढून ठेवा. जुलैत सेतू केंद्रावर जत्रा असते. वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून भाड्याने राहत असाल, तर स्वाधार, स्वयम्, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. प्रत्येकीचे निकष वेगळे. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या माणसाशी ओळख ठेवा. या ओळखीइतकी किफायतशीर ओळख नाशिकमध्ये दुसरी नाही.

चाळ भरून चालत नाही, निवडही करावी लागते. एक कांदा सडला की शेजारचे दहा नासवतो. माझ्या खात्यातला सडका कांदा होता मोबाईलचा रिचार्ज. २८ दिवसांचा पॅक घेतला की वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. २८ गुणिले १३, बरोबर ३६४. हे मला रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर कळलं. ३० दिवसांचा पॅकही मिळतो, ८४ दिवसांचाही. दिवसाला किती पडतात तेवढं बघून घ्यायचं. दुसरा सडका कांदा ऑटोपे. कधीतरी एक महिना फुकट म्हणून घेतलेलं काहीतरी दर महिन्याला गुपचूप पैसे ओढत असतं. यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपे नावाचा कप्पा उघडून बघा. मला तिथे एका व्यायामाच्या ॲपची भेट झाली. मी वर्षभर व्यायाम करत होते म्हणे.

आता राहण्याचं. कॉलेज रोडला, गंगापूर रोडला खोली घेतली की बसभाडं वाचतं खरं, पण मग भाजीपासून इस्त्रीपर्यंत सगळं कॉलेज रोडच्या भावाने घ्यावं लागतं. पंचवटी, मखमलाबाद रोड, सिडको इकडे कॉट बेसिसवर स्वस्त पडतं. कुठेही घ्या, डिपॉझिट देण्याआधी तीन गोष्टी विचारा: लाईट बिल सब-मीटरवर की माणशी, युनिटचा भाव काय, आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं. पहिल्याच दिवशी भिंतींचे, नळाचे, दाराच्या कडीचे फोटो काढून घरमालकांना पाठवून ठेवा. माझ्या एका जुन्या खोलीचं डिपॉझिट रंगकामाच्या नावाखाली निम्मं कापलं गेलं. त्या भिंतीला मी खिळासुद्धा ठोकला नव्हता. पण फोटो नव्हता, तर बोलणार काय?

जेवणावर थोडं जास्त बोलते, कारण इथे मी स्वतः मूर्खपणा केलाय. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी फेलोशिप अडकली तेव्हा मी रात्रीचा डबा बंद केला. बिस्किटं आणि चहा. तीन महिन्यांत पित्ताने अशी आडवी झाले की डब्याचे वाचवलेले सगळे पैसे खासगी डॉक्टरकडे गेले, वर आईची बोलणी. तेव्हा मला जिल्हा रुग्णालय आठवलं नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्या-उपचारांपर्यंत पैसे लागत नाहीत. सकाळी लवकर गेलं तर काम दुपारपर्यंत होतं.

मेस लावताना भाव सगळे विचारतात, खाड्याचा नियम कोणी विचारत नाही. खाडा म्हणजे न जेवलेल्या दिवसाचे पैसे वजा. काही ठिकाणी सलग तीन दिवस नसाल तरच खाडा धरतात, काही ठिकाणी आदल्या दिवशी सांगावं लागतं, काही ठिकाणी खाडा नाहीच. तुम्ही दर शनिवार-रविवार गावी जाणारे असाल, तर महिन्याला आठ दिवसांचं न खाल्लेलं जेवण तुम्ही विकत घेताय. मी शेवटी दुपारचाच डबा लावला आणि रात्रीचं आम्ही तिघी मिळून करायला लागलो. एकटीने स्वयंपाक करणं स्वस्त पडत नाही, हे आधीच सांगते. एकटीची कोथिंबीर पिवळी पडते, अर्धा कोबी फ्रीजशिवाय मरतो. तिघींत जुडी संपते. रात्री मऊ भात-वरण, नाहीतर पिठलं. मटकी रात्री भिजत घाला, सकाळी फडक्यात बांधून ठेवा, दुसऱ्या दिवशी पातेलंभर उसळ. आमच्याकडे भाजी बुधवारी येते. गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा, बुधवारचा बाजार संध्याकाळी उठायला लागला की वाटे मोठे होतात आणि आवाज लहान. घाई नसलेल्याने त्या वेळी जावं. द्राक्षांच्या दिवसांत घड घेऊ नका, मणी घ्या. घडापासून सुटलेले मणी, गोडीला काही कमी नसतात, फक्त दिसायला बिचारे असतात.

आणि मिसळ? मिसळ सोडा असं मी म्हणणार नाही. नाशिकमध्ये बसून असं म्हटलं तर तुम्ही रेडिओ बंद कराल. रविवारची मिसळ माझ्या महिन्याच्या आकड्यात धरलेली असते, पापड-दह्यासकट.

प्रवासाचं पटकन सांगते. शहरात ८ जुलै २०२१ पासून सिटीलिंकच्या बस धावतायत. पास काढण्याआधी महिन्यात खरोखर किती फेऱ्या होतात ते मोजा. लॅब आणि खोली एवढंच जग असेल तर सायकल बरी. निफाड, सिन्नर, दिंडोरीहून अप-डाउन करणाऱ्यांना एसटीचा विद्यार्थी पास आहे, त्यात भाड्याचा साधारण तिसरा हिस्साच भरावा लागतो. आणि मुलींनो, १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, पास नसला तरी. आमच्या आईने ही सवलत सुरू झाल्यापासून भाकरी-ठेच्याचा डबा एसटीने पाठवणं सोडलं, ती स्वतःच घेऊन येते. यात बचत झाली की खर्च वाढला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुस्तकं विकत घेऊ नका असं मी म्हणत नाही, आधी शोधा असं म्हणते. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, आपलं सावाना, १८४० सालचं आहे. एवढी जुनी संस्था दाराशी असताना मराठी संदर्भांसाठी पुण्याला पळायची गरज बऱ्याचदा पडत नाही. देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. एखादा शोधनिबंध पैसे मागत असेल तर थेट लेखकाला दोन ओळींचा ईमेल करा. मी असे बरेच ईमेल पाठवलेत, निम्म्यांहून जास्त जणांनी निबंध पाठवला आणि वर शुभेच्छाही. जेआरएफवाल्यांनी, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप असणाऱ्यांनी, कंटिंजन्सीची, म्हणजे किरकोळ खर्चासाठीची, रक्कम विसरू नये. पुस्तकं, झेरॉक्स, छपाई यांची बिलं त्यात लागतात, पण बिल पक्कं हवं. खिशातून खर्च करून पावती हरवणारे माझ्याच लॅबमध्ये तीन आहेत, त्यातली एक मी. गाईडना दाखवायच्या मसुद्याची प्रिंट पाठपोट काढा. आमच्या सरांना पाठपोट कागद आवडत नाही, पण लाल पेन दोन्ही बाजूंनी सारखाच चालतो.

हातउसन्याचं राहिलंच. आम्ही तिघींनी स्वयंपाकघराच्या दाराला एक वही टांगली आहे. जिने जे आणलं ते तिने तिथे लिहायचं, महिनाअखेरीला हिशेब. फोनमध्ये अशी ॲप आहेत, पण टांगलेली वही येता-जाता डोळ्यांसमोर असते. मैत्री शाबूत राहण्यात त्या वहीचा वाटा आहे.

परवा नानांचा फोन होता. हल्ली ते तब्येत विचारायच्या आधी हेच विचारतात, "तुझ्या चाळीत किती?" मी आकडा सांगितला. खूश झाले. मग म्हणाले, "इकडे भाव पार पडलाय. तू रविवारी ये आणि दोन गोण्या घेऊन जा, विकण्यापेक्षा तुम्ही खा." त्या दोन गोण्या सध्या आमच्या गॅलरीत आहेत. खाली विटा लावल्यात, मधून हवा खेळती ठेवली आहे, आणि निवड करायची पाळी या आठवड्यात माझी आहे.

नमस्कार.